मानसशास्त्रात एम.ए. म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागले की करिअर पुरवण्यांमध्ये मानसशास्त्रावरचा एक लेख ठरलेला असतो. मानसिक आरोग्याविषयी लोक आता उघड बोलू लागले आहेत, तज्ज्ञांची चणचण आहे, तेव्हा मानसशास्त्रात बी.ए., एम.ए. करा आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हा, असा त्याचा एकूण सूर. चणचण खरी आहे. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांमध्ये उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. पण पुढचा सल्ला चुकीचा आहे. नुसत्या एम.ए.ने या दोहोंपैकी काहीच होता येत नाही. मुलांना हे कळते तेव्हा वय तेवीस झालेले असते आणि एक दार केव्हाच बंद झालेले असते.

घोळाचा थोडा दोष आपल्या भाषेकडेही जातो. ‘मानसोपचार’ हा शब्द आपण औषधांनी केलेल्या उपचारालाही वापरतो आणि बोलून केलेल्या थेरपीलाही. मनोविकारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, समुपदेशक हे शब्द तर एकाच लेखात एकाच माणसासाठी आलेले दिसतात. म्हणून या पत्रात आम्ही लोकांच्या तोंडी असलेले शब्दच वापरतो: सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांवर औषधे देणारा डॉक्टर, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी करणारा तज्ज्ञ.

सायकियाट्रिस्ट आधी डॉक्टर असतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. मग नीट-यूजी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस., नीट-पीजी आणि तीन वर्षांचे एम.डी. सायकियाट्री किंवा त्याच तोडीचे डी.एन.बी. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना मध्ये एक वर्षाची बंधपत्रित, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. सगळे पहिल्या फटक्यात जमले तरी अठरा वर्षांचा मुलगा सत्ताविशी-अठ्ठाविशीत तज्ज्ञ होतो. नीट-पीजीला एखादे वर्ष गेले की तिशी. एम.बी.बी.एस.च्या इंटर्नशिपमध्ये मानसोपचार विभागाच्या वाट्याला दोन आठवडे येतात. म्हणजे मनाच्या ओढीने या वाटेला लागलेल्या मुलाला आधी साडेपाच वर्षे हाडे, बाळंतपणे, हर्निया आणि शवविच्छेदन करावे लागते. ज्याला याचाच कंटाळा आहे, त्याने ‘शेवटी सायकियाट्रीच करायची आहे’ या आशेवर एम.बी.बी.एस.ला जाऊ नये.

बी.ए. मानसशास्त्र झालेल्यांना अजून सायकियाट्रीकडे वळता येते का? कागदावर येते. नीट-यूजीची वरची वयोमर्यादा उठली आहे, आणि नोव्हेंबर २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या सूचनेनुसार बारावीनंतर हे विषय मान्यताप्राप्त मंडळातून अतिरिक्त विषय म्हणून देता येतात. पण हिशेब मांडा. एकविसाव्या वर्षी पदवी, एक वर्ष तीन विषयांचे, एक नीटचे, साडेपाच एम.बी.बी.एस., तीन एम.डी., वर बंधपत्र आणि नीट-पीजीची तयारी. तेहतिशीच्या आत हात मोकळे होत नाहीत. हा वेडेपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. घरची जबाबदारी नसेल तर हे झेपतेही. मात्र, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाने हे आजच ठरवावे, एम.ए.चा निकाल लागेपर्यंत थांबू नये.

एम.बी.बी.एस. झालेल्या पण ‘औषधे लिहायची नाहीत, थेरपीच करायची’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही एक गणित सांगणे भाग आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला मानसशास्त्रातले एम.ए. किंवा एम.एस्सी. लागत आले आहे. म्हणजे दोन अधिक दोन, चार वर्षे. एम.डी. तीन वर्षांत होते, आणि एम.डी.नंतर थेरपीचे प्रशिक्षण घ्यायला कोणी अडवत नाही. पूर्वी नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने एम.ए. उरकण्याची सोय होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले, त्यामुळे तोही आडमार्ग राहिला नाही. बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी एवढेच: आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्याला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ मानतो; सायकियाट्रिस्ट मानत नाही.

आता क्लिनिकल सायकॉलॉजी. इथे खरी गुंतागुंत आहे आणि पुरवण्यांतले लेख नेमके इथेच घाईत असतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही उपाधी भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आर.सी.आय.च्या अखत्यारीत येते. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव चढले आणि सी.आर.आर. क्रमांक मिळाला, तरच ही उपाधी लावता येते. त्यासाठी आजवरचा राजमार्ग म्हणजे मानसशास्त्रात ५५ टक्क्यांसह एम.ए., आणि त्यानंतर आर.सी.आय.मान्य संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. पूर्णवेळ म्हणजे खरोखर पूर्णवेळ. सकाळी ओपीडी, वॉर्ड, चाचण्या, दुपारी केस सादर करणे, रात्री रिपोर्ट लिहिणे आणि वर प्रबंध. सोबत शाळेत समुपदेशकाची नोकरी चालू ठेवू, हा बेत पहिल्या महिन्यात कोलमडतो. बंगळुरूचे निम्हान्स, रांचीचे केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थान, दिल्लीचे इहबास, आपल्याकडे पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही नावे विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. पण जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि अर्ज शेकड्यांनी. मुलाखतीत ‘मला लोकांचे ऐकून घ्यायला आवडते’ हे उत्तर जवळजवळ प्रत्येक उमेदवार देतो, त्यामुळे त्याला काही वजन उरलेले नाही. भ्रम आणि भास यांतला फरक एका रुग्णाच्या बोलण्यावरून दाखवा, असे विचारले की निम्मे उमेदवार गळतात.

याच एम.फिल.चे पुढे काय, हा प्रश्न गेली काही वर्षे लटकला आहे. अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवीच बंद केली. ओरड झाली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. दरम्यान आर.सी.आय.ने नव्या शैक्षणिक धोरणाशी जुळणारे अभ्यासक्रम आणले: चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स क्लिनिकल सायकॉलॉजी आणि दोन वर्षांचे एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी. म्हणजे आता ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ या एकाच नावाच्या दोन वस्तू बाजारात आहेत. एकीला आर.सी.आय.ची मान्यता आहे. दुसरी साधी विद्यापीठीय एम.ए., जिच्या शेवटच्या वर्षी क्लिनिकलचे पेपर असतात. गुणपत्रिकेवर दोन्ही सारख्याच दिसतात. फी भरण्याआधी महाविद्यालयाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: हा अभ्यासक्रम आर.सी.आय.मान्य आहे का, आणि तो पूर्ण केल्यावर नोंदवहीत कोणत्या वर्गात नाव लागेल. मान्यता कायमची नसते, ठरावीक वर्षांपुरती असते. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचे नाव आणि मुदत दोन्ही पाहावीत. ‘मान्यतेसाठी प्रस्ताव पाठवला आहे’ या वाक्याचा अर्थ ‘मान्यता नाही’ असाच घ्यावा.

आणखी तीन फसव्या जागा. पहिली, पीएच.डी. मानसशास्त्रात पीएच.डी. केली की नावामागे डॉक्टर लागते, पण एवढ्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी मिळत नाही. दुसरी, एक वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमा. तो मान्य आहे, पण त्याची नोंदणी ‘असोसिएट’ म्हणून होते आणि काम वरिष्ठाच्या देखरेखीखाली करायचे असते. तिसरी, आठवड्याच्या शेवटी चालणारे ‘सर्टिफाइड सायकोथेरपिस्ट’ वर्ग. त्यांच्या प्रमाणपत्राला कायद्यात काडीची किंमत नाही. विनानोंदणी व्यवसाय करणाऱ्याला १९९२ च्या आर.सी.आय. कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मोठ्या शहरात थेरपीच्या एका तासाला यापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. तेव्हा या कलमाला कोण भिणार, हे वेगळे सांगायला नको.

आर.सी.आय.शिवाय आणखी एक नोंदणी विसरली जाते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंद राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही होते, आणि ती उपयोगाची आहे. कलम ८९ खाली रुग्णाला त्याच्या संमतीविना दाखल करायचे, तर दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यांतला एक सायकियाट्रिस्ट हवाच. दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर चालतो. तो दुसरा माणूस नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असू शकतो.

साधे एम.ए. करून शाळा-महाविद्यालयात, संस्थांत समुपदेशक म्हणून काम करणारे हजारो जण आहेत आणि ते काम मोलाचे आहे. त्यांच्यासाठी २०२१ चा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा वेगळा कायदा आहे. फक्त त्यांनी पाटीवर क्लिनिकल हा शब्द लिहू नये.

पात्रतेचे झाले. पण दोन्ही दारे उघडी असतील तर निवड कशावरून करायची? ‘एक औषध देतो, दुसरा बोलतो’ या ठोकळ विभागणीवरून काही कळत नाही. दोघांचा दिवस जवळून पाहायला हवा.

सतत हात धुण्याची ओसीडी (नको असलेला विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) असलेली पंचवीस वर्षांची मुलगी घ्या. सायकियाट्रिस्टच्या खोलीत पहिली भेट पाऊण तासाची. थायरॉइड, आधीचे आजार, चालू औषधे, घरात कोणाला असा त्रास, आत्महत्येचे विचार हे सगळे तपासून फ्लुओक्सेटिनसारखे औषध सुरू होते. ओसीडीत डोस नैराश्यापेक्षा जास्त लागतो. २० मिलिग्रॅमपासून चढत अनेकदा ६० पर्यंत जावे लागते. आणि पुरेशा डोसवर १०-१२ आठवडे थांबल्याशिवाय औषध लागू पडले नाही असे म्हणता येत नाही. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे २० मिलिग्रॅमवर महिनाभर वाट पाहून औषध बदलणे. पुढच्या भेटी दहा-पंधरा मिनिटांच्या.

तीच मुलगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेली की सुरुवातीला एक यादी होते. भीती शून्य ते शंभर अशी मोजायची. दारातल्या पायपुसण्याला हात लावणे ३०, एसटीतली दांडी धरणे ५५, सार्वजनिक नळ ७०, बाहेरून आणलेली पिशवी थेट अंथरुणावर ठेवणे ९०. मग खालून एकेक पायरी. पायपुसण्याला हात लावायचा आणि धुवायचा नाही. घालमेल चढते, टिकते, हळूहळू ओसरते. हा उतार तिला स्वतः अनुभवता आला पाहिजे. अशी १२ ते २० सत्रे, आणि रोज घरचा अभ्यास. हे फसते ते ठरावीक ठिकाणी. वेळ संपली म्हणून थेरपिस्टने घालमेल शिगेला असतानाच सत्र थांबवले, तर भीती उलट पक्की होते. मुलगी हात धूत नाही पण मनातल्या मनात जप करते किंवा पर्समधले सॅनिटायझर चाचपते, आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही. घरी आई दर अर्ध्या तासाला ‘झाले गं, स्वच्छ आहेत हात’ म्हणते; ते आश्वासन म्हणजे हात धुण्याचाच दुसरा प्रकार. तेव्हा दोन सत्रे आईसाठीच ठेवावी लागतात.

एकच गोष्ट तासभर, वीस आठवडे, इतक्या बारकाईने करत राहणे तुम्हाला जमेल का? की वेगवेगळे पंचवीस रुग्ण, भराभर निर्णय, रात्री अपरात्री कॅज्युअल्टीतून येणारा फोन हे मानवते? निवडीचा आमच्या मते खरा कस इथे लागतो.

सायकियाट्रिस्टला वैद्यकाची ती साडेपाच वर्षे कशाला लागतात, हे लिथियमवरून समजते. बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात हे औषध उत्तम, पण उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे. रक्तातले प्रमाण लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोल ठेवायचे, १.५ च्या वर धोका. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचा, नाहीतर आकडा फसवा येतो. विदर्भातला मे महिना, उन्हात काम, घाम, त्यात जुलाब. किंवा रक्तदाबासाठी कोणीतरी मीठ बंद केले. किंवा गुडघेदुखीवर गावातल्या दवाखान्यातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मिळाले. गोळ्या तेवढ्याच, तरी लिथियम वर चढते. हात जाडसर थरथरतात, उलट्या होतात, चाल झोकांड्या खाते. घरच्यांना वाटते, मानसिक आजार पुन्हा उसळला. मूत्रपिंड, थायरॉइड, क्षारांचे गणित डोक्यात असलेला माणूसच इथे वेळेवर सावध होतो. तसेच सत्तरीतले आजोबा दोन दिवसांत एकाएकी भिंतीवर माणसे दिसू लागली म्हणतात, तेव्हा आधी लघवीतला संसर्ग आणि रक्तातले सोडियम पाहायचे असते.

याउलट मानसशास्त्रीय चाचण्या ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची खास जमीन, आणि तिला महाराष्ट्राचा जुना वारसा आहे. व्ही. व्ही. कामतांनी बुद्धी मोजणाऱ्या बिने चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले. ती बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. मालिन यांची मुलांची बुद्धिमापन चाचणी आणि रोजच्या व्यवहारातली समज मोजणाऱ्या व्हाइनलँड मोजपट्टीचे ८९ प्रश्नांचे रूपांतर, दोन्ही नागपुरातली. चाचणी घ्यायला तास-दीड तास लागतो आणि रिपोर्ट लिहायला जवळजवळ तेवढाच. उपाशी आलेले, रात्रभर प्रवास करून पेंगणारे, किंवा घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारे आणि चाचणी प्रमाण मराठीत दिलेले मूल कमी गुण मिळवणारच. त्या आकड्यावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती आणि कधी कधी मुलाची शाळा अवलंबून असते. आकड्यांचा कंटाळा असलेल्यांनी ‘फक्त थेरपी करू’ म्हणून इकडे येऊ नये. प्रशिक्षणाचा मोठा वाटा चाचण्यांचाच आहे.

अमेरिकेतल्या काही राज्यांत सायकॉलॉजिस्टला औषधे लिहिता येतात हे वाचून काही मुले आशेवर असतात. भारतात तसे नाही. आपल्या क्षेत्राबाहेरचे औषध किंवा उपचार सुचवायला २०१७ च्या कायद्याचे कलम १०६ मनाई करते.

पैशांबद्दल पालक हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने लिहितो. सायकियाट्रिस्ट दिवसाला २५-३० रुग्ण पाहू शकतो, तालुक्याला रविवारची व्हिजिट ठेवू शकतो. सायकॉलॉजिस्टची दिवसाला पाच-सहा सत्रे झाली की डोके चालत नाही, आणि चारचा माणूस आला नाही तर तो तास वाया. पुण्या-मुंबईत हे निभते. तालुक्याच्या गावी ‘नुसते बोलायचे एवढे पैसे?’ हा प्रश्न अजून आहे, आणि काम बरेचसे सायकियाट्रिस्ट, शाळा, मेंदूविकारतज्ज्ञ यांनी पाठवलेल्या रुग्णांवर चालते. सरकारी नोकरीत ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही प्रादेशिक मनोरुग्णालये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. त्यांतली बरीच पदे ११ महिन्यांच्या करारावर भरली जातात. हे धोरण बदलल्याशिवाय जिल्ह्यात सायकॉलॉजिस्ट टिकणार नाहीत, हेही आपल्या पत्राने कधीतरी लावून धरावे.

आपल्याकडे तीन मागण्या. करिअरच्या लेखात बारावीचे विषय आणि नोंदणी देणारी परिषद, या दोन गोष्टी अभ्यासक्रमाच्या नावाशेजारी छापाव्यात. मनाविषयी सदर लिहिणाऱ्यांच्या नावाखाली ‘सुप्रसिद्ध मानसतज्ज्ञ’ऐवजी त्यांची पदवी आणि वैद्यक परिषदेचा किंवा सी.आर.आर. क्रमांक द्यावा. आणि ‘सायकोथेरपिस्ट व्हा, तीन महिन्यांत’ अशा जाहिराती त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर घेण्याआधी जाहिरात विभागाने तो क्रमांक मागून घ्यावा.

आपले,
एक सायकियाट्रिस्ट व एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट
पुणे
(नावे व नोंदणी क्रमांक संपादकांकडे दिले आहेत.)